तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा ताकदवान प्रकाश हवेतच का संपतो?

माझं काम ईयूव्हीवर, म्हणजे एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट प्रकाशावर चालतं, असं सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. "क्ष-किरण हाडापर्यंत पोचतात, मग तुमचा हा प्रकाश साध्या हवेतूनही का जात नाही?" प्रश्न रास्त आहे. जास्त ऊर्जा म्हणजे जास्त आरपार, असं मलाही कॉलेजात वाटायचं.

खरी गोष्ट अशी की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, गिळायला समोर तेवढी ऊर्जा घेऊ शकणारा इलेक्ट्रॉन लागतो. दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनकडे दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. क्वार्ट्झ काचेतला इलेक्ट्रॉन जागचा हलायला साधारण नऊ लागतात, म्हणून काच त्याला बिनबोभाट वाट देते. चिप बनवताना वापरतात त्या 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनकडे मात्र 92 असतात. एवढ्यात कुठल्याही पदार्थातले बाहेरचे इलेक्ट्रॉन उपटून निघतात. मग हवा काय आणि काच काय! मिलिमीटरभर हवेत तो जवळजवळ संपतो. क्ष-किरणांची ऊर्जा याच्या शेकडोपट, आणि त्या सैल इलेक्ट्रॉनांशी त्यांचं फारसं जमत नाही, म्हणून ते पुढे निघून जातात. आमचा प्रकाश अधल्यामधल्या पट्ट्यात सापडलाय.

त्यामुळे सगळं काम निर्वातात, आणि भिंगांऐवजी आरसे. आरसाही साधा नाही: मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे आलटून पालटून थर, प्रत्येक जोडी सुमारे सात नॅनोमीटरची, अशा चाळीस-पन्नास जोड्या. इतकं करून परत येतो फार तर 70 टक्के प्रकाश. असे दहा आरसे ओलांडले की शेवटी तीन टक्केही उरत नाहीत. सिलिकॉनच का? त्याचे आतले इलेक्ट्रॉन 99 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास जागे होतात, 92 ला अजून झोपलेले असतात. 13.5 हा आकडा ठरण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मला स्वतःला भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. हिरा पारदर्शक, ग्राफाइट काळाकुट्ट. दोन्ही कार्बनच, फक्त बंध वेगळे. ईयूव्हीला हा फरक जवळजवळ कळतच नाही. तो रेणू बघत नाही, अणू मोजतो. कार्बन थोडा गिळतो, फ्लोरिन जास्त, कथील तर भरपूर. म्हणूनच रेझिस्टमध्ये, म्हणजे चिपवर नक्षी उमटवायच्या त्या पातळ थरात, हल्ली कथिलाचे रेणू घालतात.

रेणूची ओळख परत येते ती नंतर. सुटलेला इलेक्ट्रॉन ऐंशीएक इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन पळतो, वाटेत आणखी काहींना धक्के मारून सोडवतो, आणि काही नॅनोमीटरांत सगळे थकतात. बंध तुटतात ते बहुतेक या मंद, थकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे. प्रकाश नुसती ठिणगी टाकतो, रसायन इलेक्ट्रॉन करतात. हे समजेपर्यंत मी बरेच महिने फोटॉनकडेच बघत बसले होते.

एकदा महिनोन्‌महिने वापरलेला आरसा बाहेर काढला. मधोमध एक तपकिरी डाग होता, कडा रेखीव, आकार हुबेहूब किरणाच्या झोताचा. पंप कितीही चांगला असला तरी पोकळीत थोडे हायड्रोकार्बन उरतातच. ते आरशावर येऊन टेकतात, झोत पडला की पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तिथल्या तिथे त्यांचा कार्बन करून टाकतात. निर्वात कक्षात हातमोज्यांशिवाय कुणी काही ठेवलं की मी का ओरडते, त्याचं उत्तर त्या डागात आहे.

आणि फोटॉनही मोजकेच असतात. चौरस सेंटिमीटरला 20 मिलिज्यूल प्रकाश दिला तर एका चौरस नॅनोमीटरवर जेमतेम तेरा-चौदा फोटॉन पडतात. जुन्या 193 नॅनोमीटरच्या प्रकाशात तेवढ्याच ऊर्जेत चौदापट पडायचे. त्यातलेही बरेचसे पातळ थरातून तसेच पार होतात. एका जागी दोन शोषले गेले, शेजारी पाच, पलीकडे एकही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रेघेची कड कुरतडल्यासारखी दिसते, ती बरीचशी यामुळेच.