८ बाय ४ ची खोली अन् मागे स्वयंपाकघर

इंदूरहून उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत येणाऱ्या मंडळींच्या कानावर हल्ली एक नवा बेत येतो: शनिवार-रविवार छोट्या ट्रेलरवाल्यांबरोबर मुक्काम. इंदूरजवळच्या चोरलला डबे घेऊन जातो तशीच ही सहल. फरक एवढाच, की प्रत्येक जण आपली झोपायची खोली गाडीमागे ओढून आणतो.

या खोलीला टिअरड्रॉप म्हणतात, कारण आकार थेंबासारखा. १९३० च्या दशकापासून इथले हौशी लोक हे ट्रेलर घरी बांधत आले आहेत. नेहमीचं माप ८ बाय ४ फूट, म्हणजे आपल्याकडे दुकानात मिळतो तोच प्लायवूडचा अख्खा ताव. आत फक्त गादी, उभं राहायला जागा नाही. मागचं झाकण वर उचललं की ओटा, शेगडी, डबे. स्वयंपाक, जेवण, गप्पा सगळं बाहेरच होतं, म्हणून तर या लोकांचं एकमेकांशी इतकं जमतं.

पण हेच मागचं स्वयंपाकघर रस्त्यावर घात करतं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकाला जोडायच्या पुढच्या दांडीवर यायला हवा, म्हणजे ६०० किलोच्या ट्रेलरला ६० ते ९० किलो. पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, बिडाची भांडी सगळं मागे कोंबलं की दांडी हलकी होते आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक मारू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. खरा उपाय निघण्यापूर्वीचाच: हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा घरच्या वजनकाट्यावर उभा करून दांडी त्यावर टेकवायची आणि आकडा बघायचा. कमी भरला तर पाणी गाडीत हलवायचं. वाटेत प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्याला हात लावून पाहावा; एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम लागली तर बेअरिंगचं ग्रीस संपलेलं असतं किंवा बेअरिंग तरी घट्ट बसलेलं असतं.

जागेवर पोचल्यावर क्रम चुकवायचा नाही. आधी एका चाकाखाली फळी सरकवून ट्रेलर डावी-उजवीकडे समतल करायचा, मग दोन्ही चाकांना पुढून-मागून अडसर, मग गाडी सोडवायची आणि शेवटी जॅकने पुढची बाजू वर-खाली करायची. कोपऱ्यांचे पाय फक्त हलू नये म्हणून असतात. त्यांनी ट्रेलर उचलायला गेलं की चौकट पिळवटते आणि दार बसेनासं होतं. झोपताना डोक्याची बाजू किंचित उंच येऊ द्यावी.

रात्री दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून पेलाभर पाणी सहज आतल्या हवेत जातं आणि थंड छतावर साचतं. थंडी असली तरी छताचा झरोका आणि एक खिडकी दोन बोटं उघडी हवीच. गादी थेट प्लायवर टाकली तर खालून बुरशी धरते. मध्ये पट्ट्यांची जाळी घालावी. ऊब यावी म्हणून आत शेगडी पेटवणं जिवावर बेततं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोंगरात पारा शून्याजवळ उतरतो तेव्हा ब्युटेनच्या डब्यांतून वायू नीट निघत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, म्हणून इथे तोच वापरतात.

संध्याकाळी सगळ्यांची पानं एकत्र. इंदूरकरांनी इथे न लाजता दाल-बाफले करावेत, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. गोवऱ्या नाहीत, पण बिडाचं झाकणवालं भांडं सगळ्यांकडे असतं. १२ इंची भांड्याला झाकणावर १५ आणि खाली ९ कोळशाच्या वड्या लावल्या की आत साधारण १७५ अंश होतात. बाफले हळदीच्या पाण्यात वर तरंगेपर्यंत उकडून कापडावर पूर्ण कोरडे करायचे. ओले गेले तर तळाला चिकटतात. दर १० मिनिटांनी भांडं पाव फेरा एकीकडे, झाकण पाव फेरा दुसरीकडे, नाहीतर एक बाजू करपते. बाफल्यांना बारीक तडे गेले आणि रंग तांबूस झाला की उतरवायचे, फोडायचे, वर तूप. ताटापुढे घटक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, कारण इथे शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळांना असते.

ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय इंदूरच्या माणसाला शिकवावी लागत नाही. इथे त्यात खरकट्या पाण्याची भर: ते गाळून बादलीत साठवायचं आणि ठरवलेल्या जागीच ओतायचं, झाडाखाली नाही. अस्वलांच्या भागात रात्री डबे, साबण, टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत जातात. जळाऊ लाकूड घरून आणू नये, मुक्कामाजवळच विकत घ्यावं; लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात आणि ॲशची झाडं त्यापायीच मेली आहेत.

निघताना झरोका बंद आहे का ते एकाने छताकडे बघून मोठ्याने सांगायचं. उघडा राहिला तर हायवेवर त्याचं झाकण उडून मागच्या गाडीवर जातं.