सूज उतरली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही

एकच दाढ वर्षातून पुन्हा पुन्हा सुजणं काय असतं ते ज्याला भोगावं लागलंय त्यालाच कळतं. आधी चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते, मग रात्रीचा ठणका, सकाळी उठून बघावं तर गाल वर आलेला. गोळ्यांचा कोर्स घेतला की चार-पाच दिवसांत उतरतं आणि मग रूट कॅनाल पुढे ढकललं जातं, कारण तेवढे पैसे एकदम हातात नसतात. माझंही असंच चाललं होतं. आणि "आधीच करून घ्यायचं ना" असं म्हणणाऱ्यांना खरंच कळत नाही की इथे प्रश्न आळसाचा नसतो, पैशाचा असतो.

पण एक गोष्ट नीट समजली आणि माझा सगळा हिशोबच बदलला. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथपर्यंत पोचली की गर मरतो, सडतो, आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरून पू करतात. आता गोळीतलं औषध जातं रक्तातून, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही, मग औषध तिथे जाणार कसं? ते बाहेरची सूज आवरतं, आतली घाण तशीच. काटा आत ठेवून वरून मलम लावण्यासारखं आहे हे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचनांमध्येही हेच आहे की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या मोठ्या माणसाला दातावरचे उपचार लगेच मिळत असतील तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, दातावर उपचार करा आणि गरज पडली तर साधं पेनकिलर घ्या. ताप असेल, सूज पसरत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे दर वेळची तपासणी आणि दर वेळचा कोर्स यात जे पैसे जातात ते दाढेला लागतच नाहीत. उरलेल्या जुन्या गोळ्या घेणं तर नकोच, अर्धवट कोर्सने दाढ बरी होत नाही आणि जंतू मात्र औषधाला सरावतात.

अजून एक, ठणका एकदम थांबला तरी खूश होऊ नका. कधी नस पूर्ण मेलेली असते म्हणून दुखत नाही, कधी हिरडीवर पुटकुळी येऊन तिथून पू वाहत असतो म्हणून आतला दाब कमी झालेला असतो. इन्फेक्शन आहे तिथेच असतं.

मग कमी पैशात करायचं काय? डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की माझ्याकडे सध्या इतकेच आहेत, त्यात काय होईल. लाज वाटते, मला पण वाटली होती, पण विचारल्यावरच कळलं की काम टप्प्यांत होऊ शकतं. आधी दाढ उघडून पू काढायचा, आतून साफ करून औषध भरायचं आणि वर तात्पुरतं सिमेंट. मुख्य त्रास इथेच कमी होतो. कॅनाल, म्हणजे मुळाच्या आतली बारीक नळी, भरणं आणि कॅप नंतर, पण फार नंतर नाही, कारण ते सिमेंट झिजतं, गळतं आणि जंतू परत आत शिरतात. डेंटल कॉलेज जवळ असेल तर तिथे जरूर विचारा, विद्यार्थी काम करतात पण शिक्षक तपासतात, वेळ खूप जातो, खर्च बराच कमी येतो. आणि पुढच्या दाताला बहुतेक एकच कॅनाल असतो, दाढेला तीन-चार, म्हणून दाढ महाग पडते, तुमची फसवणूकच होतेय असं नाही.

आणि दाढ काढून टाकणं हा पण खरा उपचार आहे, हे मला ठासून सांगायचंय. लोक असं बोलतात जणू काही हार मानली. शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरच्या जबड्यातला दात खाली किंवा वर सरकतो, हे खरं आहे, पण वर्षभर पू बाळगण्यापेक्षा ते परवडलं. अक्कलदाढ असेल तर तिच्या जागी दुसरा दात बसवायचीही सहसा गरज नसते.

तोपर्यंतच्या रात्रींसाठी, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर दातदुखीवर चांगलं चालतं. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको, आणि पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, सर्दीच्या गोळीतलं पण त्यात धरा. कोमट मिठाच्या पाण्याने बरं वाटतं. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

आणि सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, थंडी वाजून ताप आला, श्वासाला त्रास झाला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. या सुजेने श्वासनलिका बंद होऊ शकते, माणूस जाऊ शकतो. घरात कुणाला डायबिटीस असेल आणि साखर आटोक्यात नसेल तर साध्या सुजेलाही थांबू नका, त्यांच्यात इन्फेक्शन लवकर पसरतं आणि इन्फेक्शनमुळे साखर अजून वाढते.