भाता मारणारा डावा हात

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या भजनी मंडळात मी वीस वर्षे पेटी वाजवली, आणि त्या सगळ्या काळात माझ्या डाव्या हाताला भाता मारण्यापलीकडे दुसरे काम नव्हते. तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरीची लय चढली की भाताही जोर धरतो, पण पट्ट्यांवर फिरायचे ते उजव्यानेच. गेल्या वर्षी घरी कीबोर्ड आणला आणि पाश्चात्त्य संगीतकार मोत्झार्टच्या ए मेजर सोनाटातील (वाद्यासाठीची रचना, सूची क्रमांक के. ३३१) पहिल्या भागाचे चौथे व्हेरिएशन, म्हणजे मूळ धूनीचे बदललेले चौथे रूप, वाजवायला घेतले, तेव्हा या हाताची खरी परीक्षा सुरू झाली. तेथे उजवा हात मध्यभागी द्रुत स्वरांची गती सांभाळत जागेवर राहतो, आणि डावा हात खाली खर्जाचा स्वर देऊन उजव्यावरून पलीकडे जातो, तारसप्तकात उत्तर देतो व पुन्हा परततो. (माझ्या कीबोर्डला ६१ पट्ट्या आहेत, मोत्झार्टच्या स्वतःच्या पियानोलाही तेवढ्याच होत्या, हे कळल्यावर कमीपणा वाटेनासा झाला.)

सुरुवातीला मी कोपर अंगाशी धरून केवळ मनगट वळवत असे, त्यामुळे हात उजव्या मनगटावर आपटे. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की उजवा हात खालच्या पातळीवर, पट्ट्यांच्या कडेजवळ ठेवायचा, डावा खांद्यापासून कमानीसारखा उचलायचा, आणि हात निघण्यापूर्वीच नजर उतरण्याच्या पट्टीवर पोहोचलेली असली पाहिजे. त्याहून अवघड म्हणजे उंचावरून येणारा हात आपल्या वजनानेच स्वर ठोकतो, आणि नाजूक उत्तर हवे तेथे आरोळी ऐकू येते. म्हणून आता मी पट्टीवर पोहोचून क्षणभर थांबतो, बोट टेकवतो आणि मगच दाबतो. रियाजात हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

इटालियन संगीतकार स्कार्लात्तीने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या तीस सोनाटांतही अशा ओलांडण्या आहेत, आणि त्यांत थोडा खोडकरपणाही जाणवतो. जर्मन संगीतकार बाखच्या १७४१ च्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची गोष्ट निराळी: ती दोन पट्टीरांगांच्या हार्प्सिकॉर्डसाठी (पट्टी दाबली की तार छेडणारे जुने वाद्य) लिहिलेली असल्याने तेथे हात एकमेकांच्या वरखाली सहज जातात, पियानोच्या एकाच रांगेवर मात्र दोन्ही हात एकाच पट्टीवर येऊन भिडतात. त्या वाटेला मी तूर्तास जाणार नाही. मोत्झार्टच्या चौथ्या व्हेरिएशनचा उत्तरार्ध अजून बाकी आहे, आणि परतीच्या उडीत माझा डावा हात अद्याप एक पट्टी चुकतो.