माळ्यावरची व्हिडिओ गेम

आज माळा आवरताना लहानपणीची व्हिडिओ गेम घावली. पिवळं कार्ट्रिज, वर '९९९९ इन १', आत गेमा मोजून आठ! फुंकर मारून लावलं, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. महाद्वार रोडवरनं हट्ट करून घेतलेली. १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राची नक्कल ती, पण अस्सल परवडत होतं कुणाला?

भाच्याला सांगत बसलो. ब्राझीलमध्ये सेगा या जपानी कंपनीची व्हिडिओ गेम रुजली, कारण टेकटॉय या तिथल्या कंपनीनं ती तिथंच बनवली, आयातकराचा बोजा टळला. उलट २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा गेम-डबा जपानात उतरला, त्यांच्यासाठी कंट्रोलरसुद्धा लहान केला, तरी आपटला. तिथल्या आवडीच्या गेमाच कमी, दुसरं काय!

भाच्यानं मोबाईलवरनं मान वर केली नाही. "मामा, मोबाईलवर बीजीएमआय गेम फुकटात हाय की."