मे महिन्यातली डीपी आणि पार्किंगमधले चार्जर

फ्लॅट स्कीममध्ये इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचा विषय निघाला की बैठकीत आधी खर्चाचं बोललं जातं, मग परवानगीचं. ज्यावर सगळं अडतं ते मात्र कुणी विचारत नाही. आवारातल्या डीपीवर, म्हणजे स्कीमला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, मे महिन्यात रात्री अकरा वाजता किती अँपिअर शिल्लक असतात?

गाड्यांमुळे वीज संपेल ही भीती आधी बाजूला ठेवू. चारचाकी एका युनिटमध्ये साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. नागपुरात मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला जाणं-येणं, वर शाळा-बाजार धरले तरी दिवसाचे ३५-४० किलोमीटर होतात, म्हणजे सहाएक युनिट. दीड टनाचा एसी उन्हाळ्याच्या एका रात्रीत तेवढी वीज सहज घेतो. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं शहराच्या उशाशी आहेत, पण तिथली वीज तुमच्या पार्किंगपर्यंत येते ती शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि शेवटच्या केबलमधून. अडतं ते तिथे. ते युनिटवर अडत नाही, एकाच वेळी किती अँपिअर ओढले जातात त्यावर अडतं.

एक उदाहरण घेऊ. ४० फ्लॅटची स्कीम, २०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या प्लेटवर दुय्यम बाजूला (जिथून वीज घरांकडे जाते) ४३३ व्होल्ट आणि सुमारे २६७ अँपिअर लिहिलेलं असतं. वीज तीन फेजच्या तारांनी येते, हा आकडा त्यातल्या प्रत्येक फेजचा. समजा नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) रात्री अकराला प्रत्येक फेजवर १९० अँपिअर चालू आहेत. प्लेटवरच्या आकड्यापर्यंत भरायचं नाही, दहा टक्के राखून ठेवायचे. म्हणजे वापरायला २४० अँपिअर, त्यातले शिल्लक ५०. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेतो. एका फेजवर एक बसला, दुसरा बसत नाही. अख्ख्या स्कीममध्ये तीन गाड्या झाल्या की डीपी भरली.

तेच ५० अँपिअर प्रत्येकी १० अँपिअरप्रमाणे वाटले तर एका फेजवर पाच, तिन्ही मिळून पंधरा गाड्या लागतात. १० अँपिअरने आठ तासांत १८ युनिट जातात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तिप्पट. ट्रान्सफॉर्मर तोच, केबल तीच. फक्त जो आधी येईल त्याने ३२ अँपिअर बळकावायचे ही पद्धत सोडावी लागते. आणि हे पहिले तीन चार्जर बसायच्या आधी ठरवावं लागतं, कारण एकदा पैसे खर्च केलेल्या माणसाला नंतर कमी करायला सांगणं फार जड जातं.

वाटप करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चार्जर आणि गाडी यांच्यात एका बारीक तारेवरून १ किलोहर्ट्झचा पायलट सिग्नल सतत चालू असतो. त्या सिग्नलची रुंदी (प्रत्येक ठोक्यात तो किती टक्के वेळ चालू असतो ते) गाडीला सांगते की किती अँपिअर घ्यायचे: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. चार्जिंग चालू असताना चार्जरने ही रुंदी बदलली की गाडी मुकाट्याने कमी-जास्त करते. ६ च्या खाली जाता येत नाही, तिथे गाडीला थांबवून पाळी लावावी लागते. म्हणून मुख्य इनकमरवर (स्कीममध्ये वीज येते त्या मुख्य स्विचवर) तिन्ही फेजना सीटी (तारेभोवती बसून करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) बसवायचे, कंट्रोलरने ते वाचायचे आणि उरलेले अँपिअर चालू गाड्यांत वाटायचे. खरेदी करताना दोनच गोष्टी पक्क्या करा: चार्जर ओसीपीपी (चार्जर आणि कंट्रोलर यांची सामाईक भाषा) बोलतो का, आणि इंटरनेट गेलं तर तो कुठल्या अँपिअरवर जाऊन थांबतो. ६ किंवा ८ वर थांबणारा घ्या. नेट गेलं की ३२ वर उडी मारणारा चार्जर या कामाचा नाही.

मोजणी मे महिन्यातच करायची. डिसेंबरमध्ये क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून 'भरपूर जागा आहे' असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी आणि कूलरचा भार संध्याकाळी चढतो आणि रात्री दोनपर्यंत खाली येत नाही. ट्रान्सफॉर्मरचं मानकच कमाल ५० अंश आणि दिवसभराची सरासरी ४० अंश हवा धरून बांधलेलं आहे. दुपारी ४५-४६ आणि पहाटे ३० असेल तर सरासरी ३८ च्या आसपास जाते, म्हणजे राखीव जागा जवळजवळ संपलेलीच. त्यात डीपी दोन भिंतींच्या सांदीत असेल तर गरम हवा तिथेच घोटाळते. आतल्या कागदी इन्सुलेशनचं वय सुमारे दर ६ अंशांना दुप्पट वेगाने सरतं. हे नुकसान त्या रात्री दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर उडतो आणि दोष विजेच्या कडकडाटावर जातो.

मोजताना तिन्ही फेजसोबत न्यूट्रलही (परतीची तार) मोजा. बहुतेक गाड्या सिंगल फेजवर चार्ज होतात आणि इलेक्ट्रिशियन जी फेज हाताशी असेल तीच सगळ्यांना देतो. आर फेजवर २३०, बी वर १२० अशी अवस्था झाली की ट्रान्सफॉर्मर एकूण रिकामा असूनही एका बाजूने भाजतो आणि न्यूट्रलमधून तेवढाच जास्त करंट वाहतो. न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाची जोडणी) सैल असेल तर तो तापून तुटतो, आणि मग कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं. टीव्ही-फ्रिज त्या एका रात्रीत जातात. म्हणून पार्किंगची जागा ठरते तेव्हाच फेजही ठरवा आणि मीटर रूममध्ये पाटीवर लिहून ठेवा.

वेळेचं एक वेगळं गणित आहे. सगळ्यांनी मोबाइलवर बरोबर बाराचा टायमर लावला तर बारा वाजता नवीनच शिखर तयार होतं, तेही एसी जोरात असताना. गाडीत निघण्याची वेळ सांगायची सोय असेल तर ती वापरा: सकाळी ७ ला तयार हवी, असं सांगितलं की चार्जिंग आपोआप पहाटे ३ नंतर सरकतं. तेव्हा एसीचे कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालत असतात आणि हवाही दिवसातली सगळ्यात थंड असते.

त्याहून चांगली वेळ दुपारची. वीज ग्राहक हक्कांच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. टीओडी मीटर (वेळेनुसार दर लावणारा) असेल तर बिलावर ते तास तपासा. मिहान आणि हिंगणा एमआयडीसीतल्या ऑफिसांनी पार्किंगमध्ये ३.३ किलोवॅटचे साधे पॉइंट दिले तर दोन तासांत माणसाची दिवसाची गरज भागते आणि रात्रीची डीपी मोकळी राहते. यात फास्ट चार्जरची काहीच गरज नाही. ६० किलोवॅटचा एक डीसी चार्जर प्रत्येक फेजवर ९० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा दोन तृतीयांश भाग एकटाच खातो. त्याची जागा वर्धा रोडवर, अमरावती रोडवर, लांबच्या प्रवाशांसाठी.

इतवारी, महाल भागातला प्रश्न चारचाकीचा नाही, ई-रिक्षांचा आहे. १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, एका रिक्षाला रात्रभरात सात-आठ युनिट, भार किलोवॅटभर. एका शेडमध्ये ३० रिक्षा लागल्या की ३० किलोवॅट, आणि जोडणी बहुतेकदा घरगुती. गल्ली अरुंद, एलटी (कमी दाबाची) लाइन लांब, त्यामुळे शेवटच्या घरात २३० चे २०० व्होल्ट होतात आणि तिथला कूलर घुमतो पण वारा देत नाही. अशा शेडला वेगळी थ्री फेज जोडणीच हवी. फेब्रुवारी २०२४ च्या नियमबदलाने गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. फ्लॅटधारकांनाही तोच मार्ग आहे. घरच्या मीटरवर महिन्याचे १८० युनिट वाढले की बिल वरच्या टप्प्यात जातं, हाही हिशेब त्यात धरा.

आता वायरिंग, कारण आगी इथेच लागतात.

३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चा एमसीबी (जास्त भार झाला की पडणारा खटका) लावला की तो मे महिन्यात तासाभरात ट्रिप होतो आणि लोक चार्जरला नावं ठेवतात. एमसीबी ३० अंशांना कॅलिब्रेट केलेला असतो. बंद डब्यात ५० अंश झाले की त्याची क्षमता दहाएक टक्क्यांनी घटते. इथे ४० अँपिअरचा, सी कर्व्हचा लावा, आणि केबल त्याला साजेशी घ्या. ६ चौरस मिलिमीटर तांबं ४० मीटरवर सुमारे ९ व्होल्ट खातं, १० चौरस मिलिमीटर साडेपाच. उन्हातून जाणारी केबल असेल तर १० चीच. ॲल्युमिनियम वापरत असाल तर बायमेटॅलिक (तांबं-ॲल्युमिनियमचा) लग आणि क्रिंपिंग (लग यंत्राने दाबून बसवणं). नुसती तार पिळून स्क्रूखाली दाबली तर ती ढिली होतेच. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच), टाइप ए, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय. ती नसेल तर टाइप बी. एका आरसीसीबीवर दोन गाड्या नकोत.

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा असेल तर ते सॉकेट गीझरसाठी बनलेलं आहे, अर्ध्या तासासाठी. आठ तास सलग भारावर त्याच्या पाकळ्या सैल पडतात आणि प्लास्टिक तपकिरी होतं. निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा. स्कूटरचा भार किलोवॅटच्या आतच असतो, पण जिन्याखालचं एक्स्टेन्शन बोर्ड तिच्यासाठीही नको.

आणि अर्थिंग. एप्रिलपासून नागपुरात 'गाडी चार्जच होत नाही, लाल दिवा येतो' ही तक्रार वाढते. काळी माती सुकून भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. मुरमाच्या भागात तर रोध आधीच जास्त असतो. चार्जर अर्थ तपासतो, ती सापडली नाही की नकार देतो. उपाय म्हणजे खड्ड्यात बेंटोनाइट भरणं, उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी टाकणं आणि टेस्टर लावून ५ ओहमच्या आत आणणं. काही जण मात्र सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते. पण त्यानंतर न्यूट्रल कुठेही तुटली तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि ओल्या पार्किंगमध्ये दार उघडणारा माणूस मरू शकतो. हे काम केलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून टाका.

तळघरातल्या पार्किंगसाठी उंचीही ठरवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. चार्जर आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारा) असला तरी तो बुडण्यासाठी बनलेला नाही. पॅनेल आणि मुख्य स्विच तळमजल्यावर, चार्जर दीड मीटरवर, आणि तळघराची लाइन वरून एका खटक्यात बंद होईल असा आयसोलेटर.

महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज नेताना 'चार्जर हवेत' एवढंच लिहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटचा फोटो, मे महिन्यातल्या रात्रीचे तिन्ही फेजचे आकडे, चार्जरची संख्या आणि लोड मॅनेजमेंटने (वर सांगितलेल्या अँपिअर-वाटपाने) बांधलेली एकूण कमाल मर्यादा जोडा. पंधरा चार्जर प्रत्येकी ७.२ किलोवॅट म्हटलं तर कागदावर १०८ किलोवॅट होतात आणि नव्या ट्रान्सफॉर्मरचं इस्टिमेट हातात पडतं. प्रत्येक फेजला ५० अँपिअरची मर्यादा लावलेले तेच पंधरा चार्जर ३५ किलोवॅटमध्ये बसतात.