मॉर्फिनची मळमळ आणि माझी वही

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचल्यानंतर माझ्या कमरेतले आणि उजव्या मांडीतले दुखणे ट्रामाडॉलच्या गोळ्यांना दाद देईना, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला मॉर्फिन सुरू करण्यात आले. दहा मिलीग्रॅमची एक गोळी दर चार तासांनी घ्यायची आणि मध्यरात्री उठावे लागू नये म्हणून झोपताना एकदम दोन, असे ते वेळापत्रक होते. पहिल्याच संध्याकाळी मी कित्येक आठवड्यांनी कुशीवर वळलो आणि कळ आली नाही. सौभाग्यवती दारातून पाहत होती. तिने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मोहरी तडतडली आणि त्या वासासरशी माझ्या तोंडाला पाणी सुटले. ते भुकेचे पाणी नव्हते. जिभेखालून खारट लाळ भरून आली, कानशिलांवर गार घाम फुटला आणि पाठोपाठ उमासे सुरू झाले. पोटात अर्धा कप चहाशिवाय काही नव्हते, त्यामुळे बाहेर काही पडेना आणि उमासे काही थांबेनात. ज्यांनी हे भोगले आहे त्यांना सांगायला नको की, दुखणे एका जागी असते, पण मळमळ सगळा माणूस व्यापून टाकते.

पुढच्या सहा दिवसांत मी ज्या चुका केल्या त्या सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे घरोघरी त्याच होत असाव्यात असे मला वाटते. गोळी लिहून देताना मळमळीविषयी किंवा बद्धकोष्ठाविषयी आम्हांला कोणी काही सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. मी मनानेच एक आड एक गोळी घेऊ लागलो. दुखणे वाढले की घ्यायची, ढवळू लागले की सोडायची. परिणामी दुखणे पुरते थांबले नाही आणि शरीराला औषधाची सवय होण्याची संधीही मिळाली नाही. रेडिएशनच्या वेळची ओंडान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची अर्धी पट्टी घरात शिल्लक होती, ती मी कोणालाही न विचारता संपवली. उमासे थोडे कमी झाले, पण चार दिवस शौचाला झाली नाही. त्यावर उपाय म्हणून रोज रात्री दोन चमचे इसबगोल सुरू केले. पाणी जेमतेम तीन-चार पेले पोटात जात होते. इसबगोल आत फुगून बसले, पोट दगडासारखे झाले आणि मळमळ दुपटीने वाढली.

सातव्या दिवशी मुलाने मला रिक्षाने नाशिकरोडहून मुंबई नाक्याजवळच्या एका वेदनाशमन तज्ज्ञांकडे नेले. प्रत्येक गतिरोधकाला पोट उसळत होते आणि द्वारकेच्या चौकात रिक्षा बाजूला घ्यावी लागली. डॉक्टरांनी मळमळीविषयी विचारण्याआधी पहिला प्रश्न केला, ‘‘काका, पोट शेवटचं कधी साफ झालं?’’ मग त्यांनी जे समजावले त्यामुळे माझी अर्धी भीती गेली. मॉर्फिन मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवते. शिवाय कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा त्यामुळे हळवी होते, म्हणून हालचालीने आणि प्रवासात जास्त ढवळते. आणि जठर व आतडी मंदावतात, म्हणून अन्न वर राहते व मल खाली अडकतो. यांपैकी मळमळ बहुतेकांच्या बाबतीत आठवडा-दहा दिवसांत ओसरते, पण गोळी नियमित घेतली तरच. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून जोवर मॉर्फिन चालू तोवर रेचकही चालू. ओंडान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ वाढते आणि पाणी कमी पिणाऱ्याने इसबगोल घेऊ नये, हेही तिथेच कळले. रक्तातले क्रिएटिनिन आणि कॅल्शियम त्यांनी तपासून घेतले, कारण मूत्रपिंडे मंदावली तर मॉर्फिनचे अंश साचून मळमळ टिकून राहते आणि हाडांच्या आजारात कॅल्शियम वाढले तरी हीच लक्षणे दिसतात. दोन्ही प्रमाणात निघाले. आधी सपोझिटरीने, म्हणजे गुदद्वारात ठेवायच्या औषधाने, पोट मोकळे केले, मग रोज रात्री बिसाकोडिल आणि लॅक्ट्युलोज ही रेचके, आणि उलटीसाठी झोपताना हॅलोपेरिडॉलची अगदी लहान मात्रा लिहून दिली.

औषधांच्या दुकानात एक अडचण उभी राहिली. ‘‘हे तर मानसिक रुग्णांचं औषध आहे,’’ असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि सौभाग्यवतीने ती पट्टी दोन तास देव्हाऱ्याजवळ तशीच ठेवली. शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘‘काकू, त्या आजाराला याच्या कितीतरी पट मात्रा लागते. इथे उलटीच्या केंद्रापर्यंत जाणारा संदेश अडवायला एवढीशी पुरते.’’ अशा शंकेपायी औषध न घेता राहिलेली माणसे असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

मी नाशिकरोडच्या मुद्रणालयात तपासणी खात्यात नोकरी केली, त्यामुळे नोंद ठेवणे अंगवळणी पडलेले होते. दोनशे पानी वहीत रकाने आखले: गोळीची वेळ, दुखणे दहापैकी किती, मळमळ दहापैकी किती, काय खाल्ले, शौच. चार दिवसांतच वहीने दाखवून दिले की मळमळ गोळीनंतर साधारण तासाभराने वाढते आणि त्या वेळी मी उशा लावून, डोके न हलवता पडून राहिलो तर आठाची चारावर येते. मग अंघोळ, फेऱ्या, पाहुणे हे सगळे पुढची गोळी घेण्याआधीच्या तासात ठेवले.

खाण्याचेही असेच जमवत गेलो. गरम अन्नाचा वास उठतो, म्हणून सगळे निववून खाऊ लागलो. फोडणीचा स्वयंपाक शेजारच्या वहिनींनी आपल्या घरी करून द्यायचे ठरवले, आणि हे त्यांनी दोन आठवडे न चुकता केले. भद्रकालीतून साळीच्या लाह्या आणल्या होत्या. त्या तासभर भिजवून, गाळून, किंचित मीठ-साखर घातलेले पाणी दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे, असे दिवसभरात लिटरभर पोटात जाऊ लागले. गार पेज, चिमूटभर मेतकूट, लिंबाच्या लोणच्याचा खार, इतकेच पहिले पाच दिवस. आलेपाकाचा तुकडा चघळल्याने मला बरे वाटे. वहीत मात्र त्याने आकडा फारसा हललेला दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

नियमित गोळ्या सुरू केल्यापासून नवव्या दिवशी मळमळीच्या रकान्यात पहिला शून्य पडला. तिसऱ्या आठवड्यात हॅलोपेरिडॉल बंद झाले. फेब्रुवारीत दुखणे वाढल्यामुळे मॉर्फिनची मात्रा पंधरा मिलीग्रॅम केली, तेव्हा दोन दिवस पुन्हा उमासे आले. त्या वेळी मी एकही गोळी चुकवली नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी पाच रात्रींसाठी तेच औषध पुन्हा सुरू केले. चौथ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतीने आधी मला विचारले, मग खिडक्या उघडल्या आणि घरातच पोह्यांना फोडणी दिली. वहीत त्या दिवशीच्या खाण्याच्या रकान्यात ‘पोहे, अर्धी वाटी’ असे लिहिलेले आहे, आणि शेजारी मळमळ: एक.