कुठला विल्सन?

"चौपाटीवरच्या कॉलेजवाल्या विल्सननेच हे धरण बांधलं." आज भंडारदऱ्याला भिंतीपाशी एक काका नातवाला ठासून सांगत होते. नातवाने मान डोलावली. विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन म्हणजे स्कॉटिश मिशनरी. १८२९ला मुंबईत आले, १८३२ला गिरगावात शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. ते वारले १८७५ साली. प्रवरा नदीवरचं हे भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं १९२६ला आणि त्याला नाव मिळालं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. या लेस्लीसाहेबांचा जन्मच १८७६चा! म्हणजे एक गेल्यावर दुसरा जन्मला. बरं, गव्हर्नरांनी नाव दिलं. बांधलं ते इंजिनिअरांनी आणि मजुरांनी.

खरा घोळ तिसऱ्या विल्सनचा. होरेस हेमन विल्सन, ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर, कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरी, १८१९चा संस्कृत-इंग्रजी कोश त्यांचा. ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक झाले तेही नेमके १८३२लाच. जॉन आणि होरेस, दोघेही प्राच्यविद्येतले, म्हणजे पूर्वेकडच्या भाषा-ग्रंथांचे अभ्यासक, त्यामुळे तळटीपेत नुसतं 'विल्सन' दिसलं की माणूस हमखास फसतो. आद्याक्षरं बघायची, नाहीतर गाव: मुंबई की कलकत्ता.

विल्सन म्हणजे विल्चा, म्हणजे विल्यमचा मुलगा. गावोगावी विल्यम, म्हणून गावोगावी विल्सन. नात्याचा पत्ता नाही. आपल्याकडच्या दोन पाटलांना कोणी भाऊ ठरवत नाही, मग साहेबांनाच का?